साखळी वाजली पाहिजे

[सकाळ. सागाच्या ओळी. मधोमध लोखंडी टोपली.]

विदर्भातल्या एका कृषी महाविद्यालयाचं आवार. इथे डिस्क गोल्फ चालतो: चपटी तबकडी, म्हणजे डिस्क, कमीत कमी फेकींत टोपलीत टाकायची. एप्रिल महिना, म्हणून खेळ साडेसहाला सुरू आणि साडेआठला बंद.

[डिस्क साखळीवर आदळते. आवाज पूर्ण ऐकू द्यावा.]

1975 साली कॅलिफोर्नियाच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये डिस्क गोल्फचं पहिलं कायमचं मैदान झालं, तेव्हा नेम धरायला नुसते खांब होते. खांबाला डिस्क लागली की नुसती चाटून गेली, यावर भांडणं व्हायची. ते मैदान आखणाऱ्या एड हेड्रिक यांनी साखळ्यांची टोपली काढली आणि वाद मिटला.

[वेल्डिंगच्या ठिणग्या.]

ही टोपली गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात झाली. खाली 28 इंची सायकलचं रिम, वर 22 इंची. मध्ये दीड इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप. वरच्या रिमवरून बाहेरच्या 12 साखळ्या, आतल्या बाजूला 6. सगळी मिळून साधारण 10 मीटर साखळी. खालची टोकं एका कडीत ओवायची, पण ती कडी पाइपाला वेल्ड करायची नाही. पहिल्या टोपलीत नेमकं तेच झालं: साखळ्या ताणल्या गेल्या आणि डिस्क भिंतीवर आपटल्यासारखी परत आली. साखळी ढिली लोंबायला हवी, म्हणजे ती डिस्कचा वेग पिऊन टाकते. फार हलकी घेतली तर डिस्क आरपार निघून जाते. टोपलीच्या तळाला पत्रा नको, जाळी लावा. पत्र्यात पावसाचं पाणी साचतं. टोपलीचा काठ जमिनीपासून 82 सेंटिमीटर, सहा इकडे-तिकडे चालतं.

[काळ्या मातीतल्या भेगा, जवळून.]

खरी अडचण जमिनीची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खांब कलतो. दोन फूट खड्डा, त्यात मुरूम ठोकून, मग पाइपापेक्षा किंचित मोठं सॉकेट. टोपली त्यात फक्त उभी करायची.

[बाभळीला वळसा घालून जाणारी डिस्क.]

नऊ होल, म्हणजे फेकायच्या जागेपासून टोपलीपर्यंतचे टप्पे, प्रत्येकी 50 ते 80 मीटर. पार तीन, म्हणजे तीन फेकींत पुरं व्हायला हवं. एकही झाड तोडलं नाही. ना हिरवळ, ना पाइपलाइन. बाभूळ जिथे होती तिथेच आहे, वाट तिच्याभोवतीनं काढली. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून ओढून, फेकलेली डिस्क वेग उतरला की डावीकडे झुकते. म्हणून पाचवं होल मुद्दाम उजवीकडे वळवलंय. तिथे फोरहँड यायलाच हवा, म्हणजे तळहात पुढे ठेवून मारलेली फेक, ती उजवीकडे झुकते.

[बोटांची पकड. मग आकाशात चढलेली डिस्क.]

चार बोटं काठाच्या आत, अंगठा वर. हात छातीजवळून सरळ रेषेत ओढायचा. नवख्याची डिस्क अशी वर का चढते? पुढचा काठ उचललेला असतो. ती चढते, थबकते आणि अर्ध्यात पडते. नवखा माणूस पातळ धारेचा ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची डिस्क, मागतो, त्याला तो देऊ नका. त्याच्या हाताच्या वेगाला ती डिस्क उडतच नाही, डावीकडे जाऊन पडते. पहिला महिना पटर, म्हणजे जवळच्या फेकीची डिस्क, आणि मिडरेंज, म्हणजे मधल्या पल्ल्याची, पुरे.

[चौघे टोपलीकडे चालत.]

टोपलीपासून जो सर्वांत लांब, तो आधी फेकणार. पाळी आली की 30 सेकंद. टोपलीपासून 10 मीटरच्या आत असाल तर फेकल्यावर तोल सावरून उभं राहायचं, मगच पुढं पाऊल. डिस्क कुंपणापलीकडे गेली की एक दंडाची फेक, म्हणजे मोजणीत एक फेक जास्त.

कुंपणापलीकडे तुरीचं वावर आहे. डिस्क शोधताना हंगामात तूर तुडवली गेली, त्याचं बोलणं अजून व्हायचंय. तिसरं होल वसतिगृहाच्या वाटेवरून जायचं, ते हलवलं.

[टोपली उपसताना दोघे.]

मृगाच्या आधी नऊही टोपल्या काढून गोदामात. सॉकेटच्या तोंडात चिंधी गच्च कोंबायची. उघडं राहिलं तर आत विंचू बसतो.