धोरणाचं ओझं कोण उचलतं?

मित्रहो,

1991 च्या अखेरीस ब्रिटनमध्ये एक अगदी साधी मोहीम सुरू झाली. तान्ह्या बाळाला पालथं झोपवू नका, उताणं झोपवा, एवढाच तिचा सल्ला. तोवर चांगली धडधाकट बाळं झोपेतच दगावत आणि कारण हाती लागत नसे. पालथं झोपवल्याने हा धोका कितीतरी वाढतो, हे संशोधकांना दिसलं होतं. सल्ला घरोघरी पोहोचला आणि काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. इतक्या थोड्या खर्चात इतके जीव वाचल्याची उदाहरणं फार नाहीत.

पण उरलेले मृत्यू कुठे होत होते? पूर्वीपेक्षा खूप मोठ्या प्रमाणात ते आता गरीब घरांत एकवटले होते. मृत्यू सगळीकडेच कमी झाले, मात्र सुस्थितीतल्या घरांत फार झपाट्याने कमी झाले. सल्ला बरोबर होता, तो दिलाच पाहिजे होता, पुन्हा वेळ आली तर मीही तोच देईन. तरीही त्याने दरी रुंदावली. ब्राझीलमधले साथरोगतज्ज्ञ सेझार व्हिक्टोरा यांनी 2000 मध्ये ही गोष्ट नेमकी मांडली: आरोग्याचा कोणताही नवा उपाय आधी सुस्थितीतल्यांपर्यंत पोहोचतो, म्हणून सुरुवातीला विषमता वाढते. खालच्यांपर्यंत तो पोहोचेपर्यंत बरीच वर्षं जातात. ती वर्षं कमी कशी करायची, हा आजचा माझा विषय.

त्याआधी विषमता म्हणजे काय, याबद्दलचा एक गैरसमज दूर करू. आपल्या डोळ्यांसमोर वर सगळे ठीक आणि खाली काही दुर्दैवी लोक, असं चित्र असतं. 1967 मध्ये लंडनमध्ये सरकारी नोकरांचा एक अभ्यास सुरू झाला, तो 'व्हाइटहॉल अभ्यास' म्हणून ओळखला जातो. सुमारे अठरा हजार पुरुष होते. सगळ्यांना कायमची नोकरी आणि सरकारी आरोग्यसेवा होती, उपाशी कोणीच नव्हतं. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपायांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघालं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते मधल्यांचं. दुसऱ्या पायरीवरचे अधिकारी पहिल्या पायरीवरच्यांपेक्षा लवकर मरत होते. त्यांच्याखालचे कारकून त्यांच्यापेक्षा लवकर. म्हणजे हा खड्डा नाही, जिना आहे, आणि आपण सगळे त्याच्या कुठल्या ना कुठल्या पायरीवर उभे आहोत. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केला तरी त्या फरकाचा जेमतेम एक तृतीयांश भाग उलगडला. पुढे साथरोगतज्ज्ञ मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 पासून स्त्री-पुरुष दोघांचा दुसरा अभ्यास केला. त्यात कामावरच्या ताब्याचा मुद्दा ठळकपणे पुढे आला: आपलं काम कसं आणि कधी करायचं हे ठरवण्याची मुभा ज्यांना कमी, त्यांना हृदयविकार जास्त.

हा 'ताबा' शब्द जरा लक्षात असू द्या.

एका कामगार बाईची कल्पना करा. रोजंदारीवर आहे. तिला डॉक्टरांनी सांगितलं आहे, दर महिन्याला तपासणीला या, वेळेवर जेवा, व्यायाम करा, चिंता करू नका. यातली एकही गोष्ट तिला पटत नाही असं नाही. पण दवाखाना उघडा असतो तेव्हा ती कामावर असते. गेली तर खाडा पडतो, खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी बुडते. रांगेत अर्धा दिवस जातो, मग एक कागद कमी असल्याचं कळतं, म्हणजे पुन्हा यायचं. तेच काम एखादा अधिकारी फोनवर दहा मिनिटांत उरकतो. दोघांनाही सल्ला एकच मिळाला, पण तो पाळायची किंमत दोघांना सारखी पडली नाही. अशा बाईला 'जागृती नाही' असं म्हणणारे अहवाल मी खूप वाचले आहेत आणि दर वेळी मला राग येतो. तिला सगळं कळतं. तिच्या दिवसावर तिचा ताबा नाही, एवढंच.

म्हणून कोणतंही धोरण समोर आलं की मी एकच प्रश्न विचारतो: याचा लाभ पदरात पडायला माणसाला किती खेटे घालावे लागतील? किती माहिती, किती वेळ, किती कागद, किती धीर लागेल? कारण या चारही गोष्टी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर जास्त आणि खालच्या पायऱ्यांवर कमी असतात. लाभाचा दरवाजा त्यांनीच उघडत असेल, तर तो आधी कोणासाठी उघडणार हे उघड आहे.

फॉलिक अॅसिडची गोष्ट या बाबतीत मला फार बोलकी वाटते. गर्भधारणेच्या आधीपासून हे जीवनसत्त्व पुरेसं मिळालं, तर बाळाच्या मेंदूचे आणि मज्जारज्जूचे बरेचसे जन्मदोष टळतात, हे 1991 मध्ये एका मोठ्या चाचणीतून पक्कं झालं. मग गोळ्या घ्या असा सल्ला सुरू झाला. पण बाळाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी, गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते आणि तोवर अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. म्हणजे गोळीचा फायदा मिळणार तो आधीपासून ठरवून, डॉक्टरांना विचारून मूल होऊ देणाऱ्यांना. 1998 मध्ये अमेरिका आणि कॅनडाने दुसरा रस्ता धरला. गिरणीतल्या पिठातच फॉलिक अॅसिड मिसळणं सक्तीचं केलं. कुणाला काही माहीत असण्याची गरज उरली नाही. दोन्ही देशांत हे दोष घटले, आणि कॅनडात जिथे त्यांचं प्रमाण आधी सर्वांत जास्त होतं तिथे ते सर्वांत जास्त घटलं. मात्र इथेही एक फट राहिली. अमेरिकेतल्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या कुटुंबांत ज्या मक्याच्या पिठाचा वापर जास्त, ते या सक्तीत नव्हतं. त्यात फॉलिक अॅसिड मिसळायची नुसती परवानगी मिळायलाही 2016 उजाडलं. नियम करणाऱ्यांच्या ताटात जे नसतं, ते नियमातही राहून जातं.

उपचारांचंही तसंच. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणारे ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी 1971 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज जास्त तिथे कमी आढळते, आणि सेवा जितकी बाजाराच्या हवाली, तितकं हे उलटं प्रमाण तीव्र होतं. ते पुस्तकी बोलत नव्हते. त्यांच्या दवाखान्यात जे येत ते रोज पाहून बोलत होते. हे उलटं प्रमाण सरळ करता येतं का? थायलंडने बऱ्याच अंशी केलं. तिथे 2001-02 मध्ये सर्वांसाठी आरोग्ययोजना आली, भेटीमागे 30 बाट (तिथलं चलन) एवढंच शुल्क. नाव त्या योजनेचं झालं, पण तिचा पाया आधीच घातलेला होता. 1970 च्या दशकापासून नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात काम करणं बंधनकारक होतं आणि पुढच्या दशकात शहरांतल्या रुग्णालयांकडे जाणारा पैसा जिल्ह्याजिल्ह्यांतल्या लहान रुग्णालयांकडे वळवला गेला होता. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? नुसतं विमापत्र हातात देऊन जवळपास डॉक्टरच नसेल, तर त्या पत्राचं करायचं काय?

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला: मग थेट गरिबांनाच द्या ना, सगळ्यांना कशाला? ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण 'गरीब कोण' हे ठरवायला निकष लागतात, निकषांना दाखले लागतात, दाखल्यांना खेटे लागतात, आणि त्या खेट्यांतच सर्वांत अडलेली माणसं गळून पडतात. शिवाय जिना विसरू नका. फक्त तळाची पायरी धरली, तर मधल्या सगळ्या पायऱ्यांवरचा त्रास तसाच राहतो. उलट सगळ्यांना अगदी सारखं दिलं, तर जिना जागचा हलत नाही. 2010 मध्ये मार्मट यांच्या समितीने इंग्लंडसाठी जो मार्ग सुचवला तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो: सेवा सर्वांना, पण तिचं वजन गरजेप्रमाणे. दार सगळ्यांना तेच, आणि जिथे अडचण जास्त तिथे माणसं जास्त, वेळ जास्त, पैसा जास्त.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. पिठात परस्पर काही मिसळणं, तंबाखूवर जबर कर लावणं, ही लोकांवर सक्ती नाही का? आहे. ती उघडपणे, चर्चा करून, पुरावा मांडूनच झाली पाहिजे. तंबाखूच्या बाबतीत तर मी अस्वस्थही असतो. किंमत वाढली की कमी उत्पन्नाचे लोक जास्त संख्येने सोडतात, हे खरं. पण ज्यांना सोडता येत नाही त्यांच्या तुटपुंज्या कमाईतून तो कर जातो, हेही तितकंच खरं. तेव्हा त्या करातला पैसा त्यांना व्यसन सोडवायला मदत करण्याकडे वळवला पाहिजे, त्यांच्या वस्तीत, त्यांच्या सवडीच्या वेळी.

हे सगळं माहीत असून होत का नाही? ब्रिटनमध्येच सर डग्लस ब्लॅक यांच्या समितीने आरोग्य-विषमतेवर सविस्तर अहवाल दिला. 1980 मध्ये ऑगस्टच्या सुट्टीच्या दिवशी त्याच्या अवघ्या 260 प्रती काढल्या गेल्या आणि शिफारशी न परवडणाऱ्या म्हणून बाजूला सारल्या गेल्या. पण त्याच देशात 1997 नंतर सरकारने ही दरी कमी करणं हे उद्दिष्ट म्हणून स्वीकारलं, मागास भागांकडे जास्त पैसा वळवला, आणि तिथली आयुर्मानातली तफावत खरोखर कमी होऊ लागली. धोरण थांबलं, तशी ती पुन्हा वाढली. मला यात मोठी आशा दिसते. दरी निसर्गाने दिलेली असती, तर ती सरकारांबरोबर कमी-जास्त झाली नसती.

शेवटी एका तरुण डॉक्टरबद्दल. 1848 मध्ये प्रशियाच्या सायलेशिया प्रांतात टायफसची, म्हणजे उवांमुळे पसरणाऱ्या तापाची, साथ आली तेव्हा प्रशियन सरकारने रुडॉल्फ फिरखो यांना तिथे पाठवलं. वय 26. त्यांनी परत येऊन शिक्षण, लोकशाही, रस्ते आणि श्रीमंतांवर कर मागितले. सरकार चिडलं, पुढच्या वर्षी त्यांची नोकरी गेली आणि त्यांनी बर्लिन सोडलं. बर्लिनला परतल्यावर 1859 मध्ये ते नगरपरिषदेत निवडून आले आणि वर्षानुवर्षं एका न मिरवणाऱ्या कामामागे लागले. जगाला पेशीविज्ञान शिकवणारा हा माणूस सभेत बसून सांडपाण्याच्या नळांबद्दल भांडत होता. 1870 च्या दशकात ते नळ जमिनीखाली पडू लागले. त्यांचा फायदा मिळवायला कुणालाही अर्ज करावा लागला नाही.