ग्रॅनोला आणि गोडाचा हिशेब

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर आजचा विषय 'घरचा ग्रॅनोला' असा छापला आहे; ग्रॅनोला म्हणजे ओट्स आणि सुकामेवा मधात घोळवून, भाजून केलेला न्याहारीचा कुरकुरीत पदार्थ. त्याची कृती मी सांगणारच आहे. परंतु साखरेविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण हा पदार्थ घरी करण्याचे माझ्या मते एकच सबळ कारण आहे आणि ते साखरेशीच निगडित आहे. स्वस्त पडतो म्हणून करावा, असे सांगणाऱ्यांनी अलीकडे बदाम विकत घेतलेले नसावेत.

मध्यंतरी आमच्या घरी एका कंपनीचा ग्रॅनोलाचा डबा आला. दर्शनी बाजूस लाकडी चमच्यावरून ओघळणारा मध, शेजारी बदामांची रास आणि 'निसर्गाचा गोडवा' अशी ठसठशीत अक्षरे होती. मागची यादी वाचण्यासाठी मात्र भिंग शोधावे लागले. आपल्याकडील नियमानुसार घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्या यादीत ओट्सच्या पाठोपाठ साखर होती, मग ग्लुकोजचा पाक, मग तेल, पुढे माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली भुकटी, आणि तळाशी मध, दोन टक्के. मधमाशीला चित्रापुरतेच बोलावले होते. शिवाय गोडाचे असे तुकडे करून ते निरनिराळ्या नावांनी लिहिले, की प्रत्येक तुकडा यादीत खाली सरकतो आणि ओट्सचे पहिले स्थान अबाधित राहते. नियम पाळला जातो, डोळेही दिपतात. त्यावर कडी म्हणजे पोषणमूल्यांचा तक्ता 30 ग्रॅमच्या एका वाढपाचा होता. मी 30 ग्रॅम तोलून वाटीत घातले, तर वाटीचा तळ जेमतेम झाकला गेला. एवढ्यावर थांबणारे कोणी या सभागृहात असल्यास त्यांनी हात वर करावा. मागे एक हात दिसतो आहे. परंतु त्या आजोबांना बहुधा पंखा वाढवून हवा आहे.

आता कोणी म्हणेल, 'मग साखर वगळूनच टाकू.' हा प्रयोग झालेला आहे. न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथे आरोग्यधाम चालवणाऱ्या डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी 1863 मध्ये कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचे थर भाजून, फोडून, पुन्हा भाजून 'ग्रॅन्युला' तयार केला. तो इतका कडक होत असे की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय दाताखाली घेण्याची सोय नव्हती. पुढे मिशिगनमधील बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तसाच पदार्थ त्याच नावाने केला आणि वाद उद्भवल्यावर नावातले अक्षर बदलले. हे डॉक्टर साखरेचे कट्टर विरोधक होते. त्यांचे धाकटे बंधू विल यांनी मात्र मक्याच्या फ्लेक्समध्ये साखर घातली आणि 1906 मध्ये वेगळी कंपनी काढली. थोरल्याचे पथ्य आणि धाकट्याचा गल्ला यांतले कोण जिंकले, हे किराणा दुकानाचे कोणतेही फडताळ सांगेल. आज आपण खातो तो ओट्स, मध, तेल आणि सुक्यामेव्याचा ग्रॅनोला रूढ झाला, तो 1960 च्या दशकानंतर.

अध्यक्षांनी दुसऱ्यांदा घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा मूळ मुद्दा आता घाईनेच मांडतो. ग्रॅनोलात गोड पदार्थ केवळ चवीसाठी नसतो, तो बांधणीसाठी असतो. भट्टीत पाकातले पाणी उडते आणि निवताना तो चिक्कीसारखा घट्ट होऊन दाण्यांना एकमेकांशी जखडतो. म्हणून गोड शून्यावर नेता येत नाही. पण कुठे थांबावे, हे घरी आपल्या हाती असते.

300 ग्रॅम जाडे रोल्ड ओट्स घ्यावेत. झटपट शिजणारे नकोत, त्यांचा भुगा होतो. त्यांत बदाम, अक्रोड, भोपळ्याच्या बिया आणि तीळ मिळून 150 ग्रॅम आणि अर्धा चमचा मीठ मिसळावे. 80 ग्रॅम मध व 60 ग्रॅम तेल एकत्र कोमट करून प्रत्येक दाण्याला चोळावे. मधात सुमारे चार पंचमांश साखर असते; त्या हिशेबाने तयार ग्रॅनोलात वरून घातलेली साखर दर 100 ग्रॅमला 12 ग्रॅमच्या आसपास बसते. गूळ वापरल्यास तो थोड्या पाण्यात विरघळवून गाळावा आणि भाजण्यास थोडा अधिक वेळ द्यावा. मिश्रण ताटात पसरून 150 अंश सेल्सिअसवर 25 ते 30 मिनिटे ठेवावे, मध्यावर एकदाच हलवून उलथन्याने दाबून बसवावे आणि बाहेर काढल्यावर पूर्ण निवेपर्यंत हात लावू नये, कारण गरम असताना तो मऊच लागतो आणि लोक घाबरून पुन्हा भाजतात. मनुका निवल्यावर घालाव्यात, नाहीतर त्या करपून कडू होतात.

मध हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून पावसाळ्यात डबा घट्ट झाकणाचाच हवा. तरीही ग्रॅनोला सादळल्यास पुन्हा मंद आचेच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटे ठेवावा. त्याआधी मनुका वेचून काढाव्या लागतील, आणि ते काम घरात ज्याचा हात डब्यात सर्वाधिक वेळा जातो त्याच्याकडे सोपवावे.