चौथा नट

(दृश्य: स्टीलची पट्टी. तिच्यावर एक पाना ठेवलेला. चिमट्याचं टोक चौकटीत येतं आणि पाना अलगद उचलतं.)

मी एका गॅरेजचा डायोरामा, म्हणजे लहान आकाराचा हुबेहूब देखावा, केलाय. त्यातला हा पाना ८ मिलिमीटरांहून जरासा मोठा आहे. खरा पाना २० सेंटिमीटरांचा धरला आणि त्याला २४ ने भागलं, की एवढाच उरतो.

गाड्यांच्या प्लास्टिक किटमध्ये १/२४ हे प्रमाण खूप वापरलं जातं. फुटांत मोजणाऱ्याला ते सोयीचं आहे, कारण खरा १ फूट म्हणजे इथे बरोबर अर्धा इंच. मीटरमध्ये मोजणाऱ्याला मात्र कॅल्क्युलेटर हाताशी लागतो. ४ मीटर लांबीची गाडी इथे १६७ मिलिमीटरांची होते. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस ७ सेंटिमीटरांचा.

लांबी-रुंदी सगळेच भागतात. जाडी भागायची राहून जाते, आणि तिथेच मॉडेल खेळण्यासारखं दिसायला लागतं. कपाटाच्या दाराला १ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक लावलं, तर ते दार २४ मिलिमीटर जाड पत्र्याचं झालं. असं दार तिजोरीला असतं, हत्यारांच्या कपाटाला नाही. म्हणून हे कपाट शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलंय. तो साधारण ०.१ मिलिमीटर असतो. दार किंचित उघडं ठेवलं की त्याची कड दिसते, आणि त्या एका कडेवरून डोळ्याची खात्री पटते.

(दृश्य: पुठ्ठ्याचा कच्चा सांगाडा. कोरी, न रंगवलेली गाडी आत-बाहेर सरकवली जाते.)

गॅरेज करायला घेतलं तेव्हा मी भिंतींपासून सुरुवात केली नाही. आत काय घडतंय, ते आधी ठरवलं.

गाडीचं पुढचं डावं चाक आत्ताच परत चढवलंय. चाकाला ४ नट लागतात. ३ बसलेत. उलट्या ठेवलेल्या व्हील कॅपमध्ये ते सगळे काढून ठेवले होते, आणि आता ती कॅप रिकामी आहे. मेकॅनिक बुटक्या स्टुलावर बसलाय. त्याची नजर चाकावरच आहे, पण उजवा हात मागे पसरलेला, तळवा वर. दे म्हणतोय. आणि त्याच्या मागे नवा हेल्पर गुडघ्यांवर बसून जमीन शोधतोय.

एवढंच. पण या एका हरवलेल्या नटाने बाकीचं सगळं ठरवून टाकलं. गाडी मॉडेलच्या तळफळीच्या कडांना समांतर ठेवता येईना, कारण मग मेकॅनिकचा हात गाडीआड जात होता. ती थोडी तिरकी केली. डावी भिंत काढून टाकली, म्हणजे जमिनीवरची मोकळी जागा दिसेल. गाडी जॅकने उचलून खाली स्टँड लावलाय; नुसत्या जॅकवर सोडलेली गाडी पाहिली, की हे काम माहीत असलेल्या माणसाचा जीव खालीवर होतो आणि तो पुढचं काही पाहतच नाही.

(दृश्य: मेणबत्तीच्या ज्योतीवर प्लास्टिकची काडी. ती मऊ होते, दोन्ही हात हळूच लांब जातात.)

नट कसा करायचा? चाकाचा नट समोरासमोरच्या कडांमध्ये १९ मिलिमीटर असेल, तर इथे तो ०.८. इतका लहान षटकोन कापता येत नाही. पण प्लास्टिकच्या काडीचा एक गुण आहे: ती तापवून ताणली, की बारीक होते पण तिचा आकार बदलत नाही. षटकोनी काडी ताणली तर षटकोनी तारच मिळते. ब्लेडने त्या तारेच्या चकत्या पाडायच्या. वीसेक पाडल्या, तेव्हा चार चांगल्या निघाल्या.

जमीन प्लास्टरची आहे. पातळ थर ओतला, सुकल्यावर पॉलिश पेपरने घासला, सांधे सुईने कोरले. करड्या रंगाचे दोन-तीन पातळ हात दिले. इथपर्यंत काही अवघड नाही. अवघड पुढचं आहे, आणि तिथे मी चुकलो.

गॅरेज म्हणजे घाण, असं धरून मी सगळीकडे तपकिरी रंगाची पूड फिरवली. कपाटाला गंज, कामाच्या बाकाला गंज, जमिनीवर धूळ. दिसायला छान दिसत होतं. पण दोन दिवसांनी पाहिलं, तर ते बंद पडलेलं गॅरेज होतं. कुणी वर्षानुवर्षं पाऊल न टाकलेलं. माझी माणसं तर आत काम करत होती!

चालत्या गॅरेजची घाण वेगळी असते. ज्याला रोज हात लागतो ते गंजत नाही, ते झिजतं आणि चकाकतं. कपाटाची मूठ उघड्या पत्र्यासारखी लख्ख असते आणि त्याच कपाटाच्या माथ्यावर बोटभर धूळ असते. व्हाइसचे, म्हणजे वस्तू पकडून ठेवणाऱ्या शिकंज्याचे, जबडे चमकतात, त्याच्या बुडाशी ग्रीस आणि लोखंडाचा कीस साचतो. मी सगळं पुसलं, जमीन पुन्हा घासली आणि या वेळी प्रत्येक डागाला एकच विचारलं: तू कुणामुळे पडलास?

(दृश्य: तेलरंगाचे बारीक ठिपके. थिनरने ओला केलेला ब्रश त्यांना जमिनीत विरवत नेतो.)

गाडी उभी राहते तिथे इंजिनाखाली थेंब पडतात. जुने थेंब फरशीने पिऊन टाकलेत, म्हणून ते फिकट तपकिरी आणि अगदी बिनचमक. आजचा थेंब काळा, त्यावर चकाकणाऱ्या ग्लॉस वार्निशचा एक ठिपका. दारापासून आत टायरच्या दोन पट्ट्या. बाक आणि गाडी यांच्यामध्ये लोक ये-जा करतात, तिथे जमीन गडद आणि थोडी गुळगुळीत.

आणि माझी सगळ्यात आवडती खूण: दिव्याचं बटण. जमिनीपासून ५ सेंटिमीटर, म्हणजे खऱ्यात १२० सेंटिमीटर उंचीवर. त्याच्याभोवती भिंतीवर काळपट बोटांचे ठसे. बटण फार तर ३ मिलिमीटरांचं असेल. पण अंधारात हात चाचपत तिथे कुणीतरी रोज पोचतं, हे त्या डागावरून कळतं.

बाकीच्या वस्तूंची यादी देत बसत नाही. रबरी नळी म्हणजे वायरचं वेष्टण, पुसायची चिंधी म्हणजे पांढऱ्या गोंदाच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू, हत्यारांची चमक म्हणजे पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळलेली. कपाटाचे उडालेले रंग हेअर स्प्रेचे आहेत: खाली गंजाचा रंग, त्यावर हेअर स्प्रे, त्यावर ॲक्रिलिक, मग पाण्याने ओला केलेला ताठ ब्रश घासला की वरचा थर टवके होऊन निघतो. टवके फक्त जिथे हत्यार आपटतं तिथे.

(दृश्य: दोन करड्या, न रंगवलेल्या आकृत्या. बुचांवर खिळलेल्या.)

आता माणसं.

दोघंही रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे. साच्याचा तेलकट थर राहू नये म्हणून साबणाच्या पाण्याने धुतले. घासताना मास्क लावा आणि पाण्यात भिजवून घासा, ती पूड श्वासात जाऊ देऊ नका. मेकॅनिकचा पसरलेला हात मूळ आकृतीत नव्हता. खांद्यापासून कापला, अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार आत घालून नव्या कोनात बसवला, आणि खांद्याची घडी दोन भागांच्या एपॉक्सी पुट्टीने पुन्हा घडवली. हात हलला की पाठीवरचं कापडही ओढलं जातं. ती ओढ केली नाही, तर हात उसना वाटतो.

रंगाआधी काळा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, सगळीकडून, मग फक्त वरून, दिवा टांगलाय त्या दिशेने, पांढरा. उजेड कुठे पडणार आणि सावली कुठे राहणार, याचा नकाशा रंग लावायच्या आधीच आकृतीवर तयार होतो. हेल्पर खाली वाकलाय, म्हणून त्याची पाठ उजळ आणि चेहरा जवळजवळ सावलीत. त्याच्या चेहऱ्यावर इतकी मेहनत घेऊन तो अंधारात ठेवायचा, याला मन धजत नव्हतं. पण दिवा वर आहे. ते मानावं लागतं.

(दृश्य: भिंगाखाली मेकॅनिकचा चेहरा. ब्रशचं टोक डोळ्याच्या खोबणीत उतरतं.)

या प्रमाणात बुबुळ अर्ध्या मिलिमीटरचं येतं. लोक त्यासाठी सगळ्यात बारीक ब्रश शोधतात. मी १ नंबरचा घेतो, टोकदार. फार बारीक ब्रशवर रंग इतका कमी राहतो की डोळ्यापर्यंत पोचेतो सुकतो. टोक महत्त्वाचं, ब्रशचं पोट भरलेलं हवं. रंगाची पाटीही ओली ठेवतो: खाली भिजलेला स्पंज, वर बेकिंगचा कागद.

डोळ्याचा पांढरा भाग शुभ्र रंगवू नये. थोडा मातकट, थोडा त्वचेच्या रंगाचा. बुबुळ म्हणजे गोल ठिपका नव्हे, वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी रेघ. सुटा ठिपका दिला की माणूस दचकल्यासारखा दिसतो. मग वरच्या पापणीची गडद तपकिरी कड, आणि काम थांबवायचं. मेकॅनिकची रेघ दोन्ही डोळ्यांत डावीकडे सरकवलीय, चाकाकडे. केसभर सरकवली तरी त्याचं लक्ष कुठे आहे ते बदलतं. पहिल्या खेपेला ती चुकली आणि तो थेट पाहणाऱ्याकडे बघायला लागला. हात मागे पसरलेला आणि नजर आपल्यावर: जणू नट आपणच लपवलाय. पुसून पुन्हा केली.

त्वचेसाठी तेलरंग. ते सावकाश सुकतात, म्हणून कपाळाचा उजेड आणि गालाखालची सावली एकमेकांत विरवायला वेळ मिळतो. डोळ्यांच्या खोबणी, नाकाखाली, खालच्या ओठाखाली, जबड्याखाली गडद. नाकाचा शेंडा, गालाची हाडं, हनुवटी उजळ.

आणि मग घाण. तीच, जमिनीवरची. मेकॅनिकची बोटं काळी, पण पुन्हा पुन्हा पुसल्यामुळे तळवा फिकट. उजव्या मांडीवर जिथे तो हात पुसतो तिथे कापड तेलकट, किंचित चमकदार. बाकी सगळं कापड पूर्ण मॅट. हेल्परचे फक्त गुडघे मळलेत. त्याची बाही अजून स्वच्छ आहे. तो नवा आहे.

(दृश्य: अंधार. मग एकच पिवळट दिवा लागतो.)

डायोरामा हा शब्द पॅरिसमधून आला. १८२२ साली लुई दागेर आणि शार्ल बुताँ यांनी तिथे या नावाचं एक प्रेक्षागृह उघडलं. लहान आकृत्यांचा तिथे संबंध नव्हता. भव्य पडद्यावर चित्र असायचं, पुढून आणि मागून उजेड बदलला जायचा, आणि त्याच चित्रात दिवस मावळून रात्र व्हायची. १८३९ च्या आगीत ती इमारत गेली. शब्द राहिला, अर्थ बदलला. पण चित्र पूर्ण होतं ते उजेडाने, हे तेव्हापासून तसंच आहे.

इथे उजेड एका ३ मिलिमीटरच्या उबदार पांढऱ्या एलईडीचा आहे. तिला साधारण ३ व्होल्ट लागतात. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायला मध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाह आवरणारा भाग, घातला, की सुमारे १३ मिलिॲम्पिअर प्रवाह जातो आणि दिवा जळत नाही. वायर छताच्या तुळईत लपवलीय.

दिवा पहिल्यांदा लावला तेव्हा मला वाईट वाटलं. टेबलावरच्या पांढऱ्या दिव्याखाली सुरेख दिसणारा डांगरीचा निळा इथे मेला, राखेसारखा झाला. पिवळट उजेडात निळ्याचं असंच होतं. दोन्ही डांगऱ्या पुन्हा रंगवल्या, या वेळी याच दिव्याखाली, आधीपेक्षा बराच उजळ आणि झगझगीत निळा घेऊन. पांढऱ्या उजेडात तो आता भडक दिसतो. तिथे पाहूच नये.

(दृश्य: कॅमेरा जमिनीपासून ६६ मिलिमीटरवर. उभ्या माणसाच्या डोळ्याची उंची. तो हळूहळू आत सरकतो.)

तीन नट चाकावर आहेत. चौथा शेवटपर्यंत माझ्या डबीत होता.

हेल्पर गाडीखाली बघतोय. मी तो नट बाकाच्या मागच्या पायाशी ठेवला, त्याच्या पाठीमागे. टूथपिकच्या टोकावर गोंदाचा ठिपका, श्वास रोखून. समोरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही. उघड्या बाजूने यावं लागतं, आणि खाली वाकावं लागतं. त्याच्यासारखंच.

मग दिवा लावला. बाकाखाली सगळा अंधार, आणि त्या अंधारात सहापैकी एका कडेवर उजेडाचा ठिपका.