पगारपत्रकातले दोनशे रुपये

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यापैकी जे नोकरीत आहेत, त्यांनी आपलं पगारपत्रक एकदा नीट बघावं. भविष्यनिर्वाह निधीच्या आसपास कुठेतरी व्यवसाय कर म्हणून 200 रुपये कापलेले दिसतील. फेब्रुवारीत 300. वर्षाचे झाले 2500. आपण त्याला पी.टी. म्हणतो, दोन शिव्या हासडतो आणि विसरतो. मीही बरीच वर्षं तेच केलं.

1975 साली हा कर बसवला तो रोजगार हमीसाठी, म्हणजे खेड्यात मागेल त्याला काम देणाऱ्या योजनेसाठी. मुंबई-पुण्यात पंख्याखाली बसणाऱ्याच्या पगारातून माण-करमाळ्याच्या माळावर माती उचलणाऱ्या बाईची मजुरी निघावी, आणि करातून जितकी रक्कम येईल तितकीच भर सरकारने टाकावी, असा तो हिशेब होता. गरजवंताचं पोट ही कोणाची जबाबदारी, या प्रश्नावर आपल्या राज्याने दिलेलं हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं.

1972 चा दुष्काळ ज्यांनी काढला, त्यांना मिलो ज्वारी आणि सुकडी हे दुष्काळातलं खाणं म्हणजे काय ते सांगायला नको. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, मुकादमाने चौकडी, म्हणजे खणलेला खड्डा, मोजायची आणि आठवड्याने पगार. आता, दुष्काळी कामं काही नवी नव्हती. इंग्रजही काढत असत. पण त्यात मर्जी सरकारची. 1877 मध्ये याच मुलखात सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतक्यावर माणूस राबू शकतो असं ठरवलं, तेव्हा दुष्काळी कामांवरची माणसं हातातलं घमेलं टाकून निघून गेली. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. उपाशी माणसाने संप करावा, ही गोष्ट साहेबाला उमजली नसणार. त्या माणसांना धान्य नको होतं असं नाही. दुसऱ्याने मापून टाकलेला घास नको होता.

शंभरेक वर्षांनी वि. स. पागे यांनी हाच धागा उचलला. पागे विधान परिषदेचे सभापती, सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. त्यांची कल्पना साधी होती. सरकारला वाटलं म्हणून काम निघू नये. माणसाने मागितलं म्हणून निघावं. राज्यघटनेत कामाचा हक्क आहेच, 41 व्या कलमात. पण त्याला एक शेपूट आहे: राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. शिवाय 37 वं कलम सांगतं की ही मार्गदर्शक तत्त्वं कोर्टातून बजावून घेता येत नाहीत. महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला, आणि निदान खेड्यातल्या अंगमेहनतीपुरतं ते शेपूट कापलं गेलं. पैसा आधीच वेगळा काढून ठेवलेला, त्यामुळे तिजोरी रिकामी आहे ही सबब लंगडी पडली.

फुकट दिलं की लोक आळशी होतात, हे वाक्य आपल्याकडे चहाबरोबर सहज निघतं. इथे ते चालत नाही. वैशाखाच्या उन्हात खडी फोडायला हौसेने कोण येतो? म्हणून तर या योजनेत दारिद्र्याचा दाखला कोणी मागितला नाही. ज्याला गरज तोच येणार. पण याच जागी योजनेचं उणंही आहे. जिला घमेलं उचलवत नाही, त्या म्हातारीचं काय? कामाची अट घातली की तिची भूक हिशेबाबाहेर राहते. 1980 मध्ये निराधारांसाठी संजय गांधी यांच्या नावाने अनुदान योजना आली, म्हणजे हे सरकारलाही कळत होतं. पोट आधी आणि काम नंतर, की काम आधी आणि पोट नंतर, हा वाद अजून मिटलेला नाही. माझा कौल पोटाकडे.

2005 साली केंद्राने देशभर असाच कायदा केला. त्यात वर्षाला 100 दिवसांची हमी होती, आणि मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता. ते 15 दिवस मोजायचे कुठून? मागणी अर्जाच्या पोचपावतीवरच्या तारखेपासून. सगळं तत्त्वज्ञान त्या चतकोर कागदात येऊन बसतं. पावतीवर तारीखच नसेल तर पंधरावा दिवस कधी उजाडतच नाही.

एका गावच्या ग्रामपंचायतीत मी काही कामाने बसलो होतो. पन्नाशीच्या एक बाई अर्ज देऊन टेबलापाशी तशाच उभ्या.

"घेतलं ना लिहून, जा आता," ग्रामसेवक म्हणाले.

"पावती द्या की भाऊसाहेब."

त्यांनी पावती फाडून दिली. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत पुढे सरकवली.

"तारीख न्हाय."

"सोमवारी टाकतो, शिक्का घरी राहिलाय."

"सोमवारी शिक्का मारा," बाई म्हणाल्या, "तारीख मातर आजची टाका. आज शुक्रवार हाय."