नर्मदेचं पाणी, बोरिंगचं पाणी आणि मशीनमधला फेस

या टेबलावर दोन बाटल्या ठेवल्यात बघा. एक आज सकाळी नर्मदेचे नळ आले तेव्हा भरली आणि दुसरी आमच्या सोसायटीच्या बोरिंगची. दोन्ही अर्ध्या, दोन्हीत अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस. आता दोन्ही सारख्याच हलवतो, दहा वेळा. ही नर्मदेची, फेस पार बुचापर्यंत आलाय आणि टिकलाय. ही बोरिंगची, फेस बोटभरही नाही आणि पाणी कसं ताकासारखं झालंय, वर पांढऱ्या गुठळ्या तरंगतायत. ताई, जरा मागे पास करा, सगळ्यांना हातात घेऊन बघू देत.

मी 22 वर्षं इंदूरमध्ये वॉशिंग मशीन दुरुस्त करतोय, रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर सगळीकडे जाणं असतं, आणि फ्रंट लोडच्या, म्हणजे पुढून दार असलेल्या मशीनच्या, ज्या तक्रारी येतात त्यातल्या कितीतरी मशीनच्या नसतातच, त्या फेसाच्या असतात. मशीन थांबतंय, स्पिन होत नाही, कपड्यांना वास येतो, एक तासाचं धुणं दोन तास चालतं. आणि आपल्या इंदुरात याच्यात एक खास भानगड आहे, ती म्हणजे या दोन बाटल्या.

नर्मदा आपल्याकडे 1978 मध्ये आली, नदीकाठच्या जलूद गावाहून, सुमारे 70 किलोमीटर लांबून पंपानं चढवून. पण बऱ्याच वस्त्यांमध्ये ती येते दिवसाआड, म्हणून खाली बोरिंग आहेच. माळव्याच्या या काळ्या दगडातून मुरलेलं बोरिंगचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त, गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो ना, तोच. साबण आधी त्या कॅल्शियमशी भिडतो, त्याच्या त्या गुठळ्या होतात, आणि मग उरलेला कपड्यांच्या वाट्याला येतो. डिटर्जंटच्या गुठळ्या होत नाहीत पण त्याचंही बळ त्यात खर्च होतंच. आता वरच्या टाकीत आज नर्मदा, उद्या बोरिंग, परवा दोन्ही मिसळलेलं, आणि आपण पावडर टाकतो रोज तोच एक चमचा भरून! बोरिंगच्या दिवशी तो बरोबर बसतो आणि नर्मदेच्या दिवशी त्याच चमच्यानं दाराच्या काचेत सगळं पांढरं दिसतं.

फेस जास्त झाला तर बिघडतं कुठे, उलट स्वच्छ निघतील, असं मला बऱ्याच काकू म्हणतात. त्यांचं चुकत नाही हो, बादलीत ते खरंच होतं. सर्फ भारतात 1959 मध्ये आलं, निरमा 1969 मध्ये, त्याच्या आधी वडी होती, आणि आपल्या आज्या फेस बघूनच ठरवायच्या. कपड्यातला मळ आणि तेलकटपणा साबण खाऊन टाकतो, फेस बसला म्हणजे साबण संपला, अजून घाला. बादलीसाठी ही खूण एकदम पक्की. पण फ्रंट लोडमध्ये कपडे पाण्यात बुडून राहतच नाहीत, एका धुण्याला ते साधारण 50 ते 60 लिटर पाणी घेतं आणि तेही तीन-चार टप्प्यांत. ड्रम आडवा फिरतो, कपडे वर उचलले जातात आणि दाणकन खाली आपटतात, धोबीघाटावर आपटतात तसंच, फक्त छोट्या जागेत. त्या आपटण्यानंच मळ निघतो. मध्ये फेसाची गादी आली की कपडा आपटत नाही, तो घरंगळतो. म्हणून फ्रंट लोडच्या पावडरीत मुद्दाम फेस मारणारं औषध घातलेलं असतं, सिलिकॉनचं वगैरे. काचेत फेस दिसत नाही म्हणून दोन चमचे जास्त टाकू नका, तो दिसू नये अशीच ती पावडर बनवलीय.

आणि फेस मशीनच्या आत काय करतो ते सांगतो, कारण मी ती उघडून बघतो. पाणी किती भरलं हे मशीनला कळतं एका बारीक नळीतल्या हवेच्या दाबावरून, त्या नळीत फेस शिरला की त्याला चुकीचंच कळतं. निचऱ्याचा पंप पाणी ओढतो, फेस नाही ओढता येत त्याला, नुसता घुर्र करत बसतो. स्पिनच्या वेळी ड्रम आणि बाहेरचं टब यांच्यामध्ये फेस अडकतो आणि ब्रेकसारखा धरून ठेवतो, मग मशीन आपणहून स्पिन सोडून देतं, पुन्हा पाणी घेतं, पुन्हा खंगाळतं, तोच तो वाढलेला तास. काही मशीनवर तर एसयूडी अशी अक्षरंच येतात, म्हणजे फेस झाला. ड्रमच्या मागे अ‍ॅल्युमिनियमचा तीन पायांचा भाग असतो, आम्ही स्पायडर म्हणतो, तो बाहेर काढला की त्याच्यावर न विरघळलेल्या पावडरीचा राखाडी लगदा, ओल्या चुन्यासारखा, आणि नखानं खरवडलं की खाली धातूत खड्डे. असला स्पायडर हातात आला ना की मला खरंच वाईट वाटतं, कारण चांगलं मशीन जातं यानं, आणि कारण काय तर रोजचा एक चमचा जास्त.

तुमच्या मशीनमध्ये किती साठलंय हे घरीच कळतं. धुतलेले, वाळलेले चार टॉवेल घ्या, पावडर अजिबात टाकू नका, 60 डिग्रीवर लावा आणि पंधरा मिनिटांनी दाराच्या काचेतून बघा. फेस दिसला तर तो आधीच्या धुण्यांचा आहे, टॉवेलांत आणि ड्रममागे बसलेला. फेस दिसेनासा होईपर्यंत असंच दोन-तीनदा चालवा. टॉवेल ताठ होतात, पाणी टिपत नाहीत, त्याचं कारण बरेचदा हेच असतं.

फेस उतू जायला लागला, पावडरीच्या ड्रॉवरमधून बाहेर यायला लागला तर घाबरून दार ओढू नका. मशीन थांबवा, अर्धा तास तसंच राहू द्या, फेस आपणहून बसतो. मग फक्त निचरा, नंतर पावडरीशिवाय गार पाण्यानं खंगाळणं. कम्फर्टसारखं सॉफ्टनर अर्धं झाकण खंगाळण्याच्या वेळी घातलं तर फेस पटकन मोडतो, पण हा अडचणीतला उपाय, सवय नको. शेवटी खालच्या फिल्टरची झाकणी हळूहळू सोडा, आधी एक थाळी लावा नाहीतर फरशीवर नदी.

आता कोणतं घ्यायचं, तर पाकिटावर फ्रंट लोड लिहिलेलं, बस, इतर नावांच्या मागे धावू नका. पांढऱ्या चादरींना, कॉटनला पावडर बरी, तिच्यात ऑक्सिजनचं ब्लीच असतं आणि ते गरम पाण्यात चालतं, 40 च्या पुढे. रंगीत कपड्यांना, थंड पाण्याला लिक्विड, ते विरघळून राहतं. आणि पोह्यांची हळद? कोणताच साबण तिला पूर्ण काढत नाही, उलट साबण लागला की ती लाल होते, हे तुम्ही बघितलंच असेल. धुवून कपडा ओलाच उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हानं उडतो.

माप असं ठेवा. पाकिटावरचं माप पूर्ण भरलेल्या मशीनचं आणि बोरिंगच्या पाण्याचं समजा. नर्मदेच्या दिवशी त्याच्या अर्ध्यापासून सुरू करा आणि काचेकडे बघा. एक तृतीयांशापर्यंत फेस ठीक, त्याच्या वर गेला तर पुढच्या वेळी कमी. टाकीत काय आहे कळत नसेल तर ही बाटली हलवून बघा, दोन मिनिटांचं काम.

मागून प्रश्न आलाय की घरात बादलीच्या पावडरीचं पाच किलोचं पाकीट पडलंय, त्याचं काय? ते फेकू नका काकू, पायपुसणी, फरशीची फडकी हातानं धुवायला वापरा, फक्त त्या मशीनच्या कप्प्यात एक चिमूटही जाऊ देऊ नका.