नोकरी हातात नसताना जर्मनी: ऑपॉर्च्युनिटी कार्ड

जर्मनीत जाऊन नोकरी शोधायची परवानगी १ जून २०२४ पासून मिळते आहे. तिचं नाव ऑपॉर्च्युनिटी कार्ड, जर्मन लोकांचं शान्सेनकार्टे. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. नवराबायको किंवा मुलांना या कार्डावर सोबत नेता येत नाही, हे घरात आधीच बोलून घ्या.

वय, अनुभव, भाषा यांच्या गुणांवर हे कार्ड मिळतं, म्हणून बहुतेक जण लगेच गुण मोजायला बसतात. त्याआधी अनाबिन ही परदेशी विद्यापीठांची आणि पदव्यांची जर्मन सरकारी यादी उघडा. तुमच्या विद्यापीठासमोर ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) आणि पदवीसमोर ती जर्मन पदवीशी तुल्य असल्याची नोंद असेल, तर तुम्ही कुशल कामगार ठरता आणि गुणांची गरजच उरत नाही. दोन्ही पानांची प्रिंट अर्जाला जोडा. पदवी यादीत नसेल, किंवा प्रमाणपत्रावरचं नाव नोंदीशी जुळत नसेल, तर परदेशी शिक्षण तपासणाऱ्या झेडएबी या जर्मन सरकारी संस्थेकडून तुल्यता-पत्र घ्यावं लागतं. त्याचं शुल्क दोनशे युरोंच्या वर आहे, आणि वेळ वेगळा.

गुण लागतात ते बाकीच्यांना. आयटीआयमधून दोन वर्षांचा फिटर ट्रेड केलेला बत्तीस वर्षांचा तरुण घ्या. त्याच्या शिक्षणाला भारतात सरकारी मान्यता असल्याची खात्री झेडएबीकडून हवी. शिवाय जर्मन ए-वन किंवा इंग्रजी बी-टू हवंच (भाषेच्या पातळ्या चढत्या क्रमाने ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू). मग गुण: वय पस्तिशीपर्यंत, दोन. गेल्या पाच वर्षांत याच कामाचा दोन वर्षांचा अनुभव, दोन. जर्मन बी-वन, आणखी दोन. झाले सहा, तेवढेच लागतात. ए-टूवर एकच गुण मिळतो, ए-वनवर एकही नाही.

अनुभव-पत्रांकडे नीट लक्ष द्या. नुसतं पद आणि तारखा लिहिलेलं पत्र कामाचा शिक्षणाशी असलेला संबंध दाखवत नाही. कोणती यंत्रं, कोणती जबाबदारी, आठवड्याला किती तास, हे कंपनीच्या लेटरहेडवर यायला हवं.

पैशांचं गणित: २०२५च्या दराने महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात. दर बदलतो, म्हणून अर्जाच्या दिवशीचा आकडा पाहा. व्हिसा शुल्क ७५ युरो. अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर स्वतः भरता येतो. गुण मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

तिथे आठवड्याला वीस तासांपर्यंत कुठलंही काम करता येतं, आणि एकेका मालकाकडे दोन आठवड्यांपर्यंत चाचणी-काम. पण वीस तासांचं हॉटेलकाम करता करता वर्ष संपतं. कारखान्यात सुपरवायझर जर्मनच बोलतो. म्हणून गुण पुरत असले तरी बी-वन इथेच पूर्ण करून निघावं, असं आमचं ठाम मत आहे.

पात्रतेची नोकरी मिळाली की कार्ड संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात कामाच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. पदवीधराला ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना, हवं असेल, तर ठरावीक किमान पगार लागतो; २०२५मध्ये तो वर्षाला ४८,३०० युरो होता. माणसांची टंचाई असलेल्या व्यवसायांत ४३,७५९ युरो ८० सेंट.