घोड्यावरचा नायक आणि गाडीमागचा आचारी

मंडळी, काउबॉय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? रुंद हॅट, कमरेला पिस्तूल आणि मावळतीकडे निघालेला एकटा घोडेस्वार. ही सिनेमाची कृपा. ओक्लाहोमा सिटीतल्या नॅशनल काउबॉय अँड वेस्टर्न हेरिटेज म्युझियमचा जन्मही याच कौतुकातून झाला. स्थापना १९५५ची, दारं उघडली १९६५मध्ये, आणि तेव्हाचं नाव होतं नॅशनल काउबॉय हॉल ऑफ फेम. आजचं नाव २००० सालापासूनचं. दरवर्षी पुरस्कार देतात, त्यात सिनेमेही असतात. पण आज मला दालनांपेक्षा अंगणाबद्दल बोलायचंय. आत ज्याला घोड्यावर चढवून ठेवलाय, त्याला खाली उतरवायचं काम अंगणातल्या कार्यक्रमांत होतं, असं माझं मत आहे.

तिथे मेच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या (शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या) सुट्टीला जोडून, चकवॅगनचा मेळा भरत आलाय. चकवॅगन म्हणजे गुरांच्या तांड्याबरोबर चालणारं फिरतं स्वयंपाकघर. १८६६ साली टेक्सासच्या चार्ल्स गुडनाइट या गुरांच्या मालकाने लष्कराची एक जुनी गाडी घेऊन तिच्या मागच्या बाजूला खणांचं कपाट बसवलं. कपाटाचं झाकण खाली पाडलं, त्याला पाय टेकवला, की झालं टेबल. पीठ, कॉफी, घेवडा, औषधाच्या बाटल्या, दाढीचा वस्तरा, सगळं त्या खणांत. मेळ्याला हौशी मंडळी अशा गाड्या घेऊन येतात आणि लाकडाच्या जाळावर रांधून लोकांना खाऊ घालतात. जाड बिडाचं झाकणवालं भांडं, खाली निखारे, झाकणावरही निखारे. आपल्याकडे घरी नानकटाई अशीच भाजत असत.

टेक्सासहून कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनापर्यंत दोन-अडीच हजार गुरं हाकत न्यायची, म्हणजे महिनोन् महिने धूळ खायची. दहाबारा गडी, आणि त्या सगळ्यांत मान कोणाचा? तांड्याच्या प्रमुखाच्या खालोखाल आचाऱ्याचा. पगार साध्या गड्याहून जास्त. त्याच्या कपाटाला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाने घोडा न्यायचा नाही, नाहीतर धूळ जेवणात! रात्री निजण्याआधी तो गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे वळवून ठेवी. सकाळी ढग असले तरी उत्तर कुठे ते कळावं म्हणून. थंडीत आंबवलेल्या पिठाचं पिंप तो आपल्या पांघरुणात घेऊन झोपे, असंही सांगतात. कारण आंबवण मेलं तर उद्या पाव नाही. असलं काही काचेच्या कपाटात दिसत नाही. तिथे गाडी दिसते, पण आचाऱ्याची दहशत दिसत नाही.

आता जरा अवघड गोष्ट. या म्युझियमच्या प्रवेशदालनात जेम्स अर्ल फ्रेझरचं 'एंड ऑफ द ट्रेल' हे सुमारे अठरा फुटी शिल्प आहे. थकलेला घोडा आणि मान खाली टाकलेला मूळनिवासी स्वार. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनासाठी ते केलं होतं. शिल्प अप्रतिम, यात वाद नाही. पण ते सांगतं काय? की हे लोक संपले. आणि हे उभं कुठे आहे, तर ज्या राज्यात आज ३९ मूळनिवासी राष्ट्रांची, म्हणजे स्वतःचा कारभार चालवणाऱ्या जमातींची, मुख्यालयं आहेत तिथे! संपलेल्या लोकांची इतकी कार्यालयं मी तरी कुठे ऐकली नाहीत.

त्याच म्युझियमच्या मागच्या बाजूला २०२०मध्ये मुलांसाठी मोकळी जागा सुरू झाली. तिचं नाव चिकासॉ या मूळनिवासी जमातीच्या भाषेतलं आहे, लीचोकोश्कोमो, म्हणजे 'चला खेळू या'. किओवा जमातीची टीपी, म्हणजे शंकूसारखा तंबू, कॅडो जमातीचं गवताचं घर, शेजारीच वसाहतकऱ्यांचं मातीसकट कापलेल्या हिरवळीच्या थरांचं घर. मुलं आत शिरतात, धावतात, कुणी ओरडत नाही. आपल्याकडच्या 'हात लावू नये' या पाटीत वाढलेल्या माणसाला हे जरा जडच जातं.

असाच, पण याहून धीट प्रकार वायोमिंगमधल्या कोडी गावी, बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टमध्ये. तिथे जूनमध्ये पाउवाउ, म्हणजे मूळनिवाशांचा नाचगाण्याचा मेळा, होतो. ढोल, गाणी, नाच, आणि नाचणाऱ्यांना रोख बक्षिसं. सुरुवातीला सगळे नर्तक रिंगणात येतात तेव्हा प्रेक्षकांनी उभं राहायचं. काही वेळा फोटो काढायला मनाई असते. पाउवाउच्या रिवाजाप्रमाणे गरुडाचं पीस जमिनीवर पडलं, तर नाच थांबतो आणि माजी सैनिकांनी ते विधिपूर्वक उचलेपर्यंत कुणी पुढे जात नाही. हा वेळापत्रकातला खोळंबा नव्हे. त्या वेळेपुरतं रिंगण म्युझियमचं नसतं. पाहुण्याने नियम पाळायचे, यजमान कोण ते ओळखायचं. आणि हे घडतं कुणाच्या नावाच्या संस्थेत, तर मूळनिवाशांना आपल्या खेळांतून अमेरिका-युरोपभर फिरवणाऱ्या बफेलो बिलच्या!

ओक्लाहोमा सिटीत २०२१मध्ये फर्स्ट अमेरिकन्स म्युझियमही उघडलंय. तिथे या ३९ राष्ट्रांची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळते. तुमच्यापैकी कुणी मुलाबाळांकडे अमेरिकेला गेलात आणि त्या बाजूला पाय लागले, तर दोन्ही बघा. मला विचाराल तर आधी तिकडे जा, मग काउबॉयकडे. आणि काउबॉयकडे जाणार असाल तर मेळ्याची तारीख आधी बघून घ्या, कारण इतर दिवशी गाडी असते, पण जाळ नसतो.